स्लॉथ

स्लॉथ हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण कटिबंधीय वनांत झाडांवर राहणारा, अतिशय मंद हालचालींचा सस्तन प्राणी आहे. तो आपले बहुतेक आयुष्य फांदीला उलटे लटकून घालवतो. खाणे, झोपणे आणि बहुधा पिलाला जन्म देणेही याच स्थितीत होते. आज अस्तित्वात असलेल्या स्लॉथच्या सहा जाती (एका अलीकडील वर्गीकरणानुसार सात) ब्रॅडिपस आणि कोलोईपस या दोन प्रजातींत मोडतात. होंडुरासपासून दक्षिणेकडे ब्राझीलपर्यंत त्यांचा आढळ आहे.

दीर्घकाळ हा प्राणी आळसाचे प्रतीक मानला गेला. प्रत्यक्षात त्याचा संथपणा हे पानांसारख्या निकृष्ट अन्नावर, कमीत कमी ऊर्जा खर्चून जगण्याचे साधन आहे. मात्र जंगल अखंड असताना उपयोगी पडणारा हाच गुण जंगलाचे तुकडे झाल्यावर त्याच्या जिवावर बेततो.

नाव

इंग्रजीतील ‘स्लॉथ’ या शब्दाचा मूळ अर्थ आळस असा आहे. स्पॅनिशमधील ‘पेरेझोसो’ व पोर्तुगीजमधील ‘प्रेगीसा’ ही नावेही आळसावरूनच पडली. ब्रॅडिपस या शास्त्रीय नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘मंद पायांचा’ असा होतो.

स्लॉथ भारतात आढळत नाही. महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत आढळणाऱ्या अस्वलाला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात, त्यामुळे काही वेळा गोंधळ होतो. या नावामागे एक जुनी चूक आहे. लांब नख्या आणि वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसणे या लक्षणांवरून जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये भारतीय अस्वलाची गणना स्लॉथमध्ये केली होती. पुढे ही चूक दुरुस्त झाली, पण इंग्रजी नाव तसेच राहिले. या दोन प्राण्यांत निकटचे नाते नाही.

वर्गीकरण

स्लॉथचा समावेश पिलोझा गणात होतो. मुंगीखाऊ हे त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक असून आर्माडिलो काहीसे दूरचे आहेत. दोन्ही प्रजातींतील स्लॉथच्या मागच्या पायांना तीन-तीनच बोटे असतात. ‘दोन बोटांचे’ व ‘तीन बोटांचे’ हा भेद केवळ पुढच्या पायांपुरता आहे.

तीन बोटांचे स्लॉथ (प्रजाती ब्रॅडिपस):
• तपकिरी गळ्याचा स्लॉथ – मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग; सर्वांत विस्तृत आढळ.
• फिकट गळ्याचा स्लॉथ – गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, व्हेनेझुएला व उत्तर ब्राझील.
• आयाळधारी स्लॉथ – पूर्व ब्राझीलमधील अटलांटिक वन. याच्या दक्षिणेकडील समूहाला २०२२ मध्ये काही संशोधकांनी स्वतंत्र जातीचा दर्जा दिला.
• खुजा स्लॉथ – पनामाचे एस्कुदो दे वेराग्वास हे एकच बेट. याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन २००१ मध्ये झाले.

दोन बोटांचे स्लॉथ (प्रजाती कोलोईपस):
• लिनियसचा स्लॉथ – दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग.
• हॉफमनचा स्लॉथ – मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेचा वायव्य भाग.

शरीररचना

स्लॉथची लांबी साधारणतः ५० ते ७० सेंमी. असते. तीन बोटांच्या स्लॉथचे वजन बहुधा ३ ते ५ किग्रॅ., तर दोन बोटांच्या स्लॉथचे ४ ते ८ किग्रॅ. भरते. डोके गोलसर व लहान, कान केसांत दडलेले आणि हातपाय लांब असतात. वाकड्या नख्या ८ ते १० सेंमी. लांब असून त्या आकड्यासारख्या फांदीत अडकतात. त्यामुळे लटकून राहण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात. जिराफ आणि मनुष्यही त्याला अपवाद नाहीत. स्लॉथ मात्र हा नियम मोडतात. तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत सामान्यतः आठ किंवा नऊ, तर दोन बोटांच्या स्लॉथच्या मानेत पाच ते सात मणके असतात. अधिक मणक्यांमुळे तीन बोटांचा स्लॉथ धड न हलवता मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळवू शकतो.

दातांवर दंतवल्काचे (एनॅमलचे) आवरण नसते आणि ते आयुष्यभर वाढत राहतात. तीन बोटांच्या स्लॉथच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी कार्यक्षम नसतात. त्यामुळे त्याला रंग दिसत नाहीत आणि प्रखर उजेडातही नीट दिसत नाही. तो मुख्यतः वास व स्पर्श यांवर विसंबतो. स्नायूंचे प्रमाणही इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत बरेच कमी असते. उलटे लटकल्यावर जड जठराचा भार फुप्फुसांवर पडू नये म्हणून अंतर्गत अवयव तंतुमय बंधांनी खालच्या बरगड्यांशी जोडलेले असतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

चयापचय व पचन

तीन बोटांचे स्लॉथ जवळजवळ पूर्णपणे पानांवर जगतात. दोन बोटांचे स्लॉथ पानांबरोबर फळे व फुलेही खातात. पाने मुबलक असली तरी त्यांत पोषण थोडे, तंतुमय भाग अधिक आणि अनेकदा विषारी द्रव्येही असतात. स्लॉथचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यातील सूक्ष्मजीव पाने कुजवून पचवतात. एका घासाच्या पूर्ण पचनास कित्येक दिवस, कधी काही आठवडेही लागतात. भरलेल्या जठराचे वजन शरीराच्या एकतृतीयांशापर्यंत असू शकते.

इतक्या सावकाश मिळणाऱ्या ऊर्जेवर भागवायचे तर खर्चही तितकाच कमी ठेवावा लागतो. कोस्टा रिकामध्ये मुक्त स्लॉथवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन बोटांच्या स्लॉथचा ऊर्जाव्यय शरीराच्या दर किलोग्रॅममागे दिवसाला सुमारे १६२ किलोज्यूल आढळला. शीतनिद्रा न घेणाऱ्या सस्तन प्राण्यांतील हा अत्यल्प व्यय मानला जातो. शरीराचे तापमानही स्थिर राखले जात नाही. ते सामान्यतः ३० ते ३४ अंश सेल्सियसच्या दरम्यान असून हवामानानुसार खाली-वर होते. थंडी वाटल्यास स्लॉथ झाडाच्या शेंड्यावर उन्हात येतो, तर ऊन वाढल्यास सावलीत सरकतो.

केसांतील सजीवसृष्टी

स्लॉथचे केस पोटाकडून पाठीकडे वळलेले असतात, त्यामुळे उलट्या स्थितीत पावसाचे पाणी सहज निथळून जाते. केसांवरील भेगा व खाचांमध्ये पाणी टिकून तेथे हिरवे शैवल वाढते. त्याच्या हिरवट रंगामुळे स्लॉथ पानांत मिसळून जातो. केसांत पतंग, भुंगेरे, माइट व कवकेही राहतात. पनामातील स्लॉथच्या केसांतून वेगळ्या केलेल्या काही कवकांमध्ये हिवताप व चागास रोगाच्या परजीवींना प्रतिबंध करणारी द्रव्ये प्रयोगशाळेत आढळली आहेत.

तीन बोटांचा स्लॉथ सुमारे आठवड्यातून एकदा विष्ठा टाकण्यासाठी झाडाखाली उतरतो. हा प्रवास खर्चीक व धोक्याचा असूनही तो का करतो, हा दीर्घकाळ चर्चेचा विषय आहे. केसांतील पतंगांच्या माद्या ताज्या विष्ठेत अंडी घालतात आणि नवे पतंग पुन्हा झाडावरील स्लॉथकडे जातात. हे पतंग केसांतील नायट्रोजन वाढवतात, त्यावर शैवल पोसते आणि स्लॉथ ते शैवल खाऊन पोषण मिळवतो, असा विचार २०१४ मध्ये मांडण्यात आला. तो सर्वमान्य झालेला नाही. विष्ठेच्या वासातून जोडीदाराला संदेश मिळत असावा, असेही काही संशोधक मानतात.

वर्तन व प्रजनन

स्लॉथ एकटा राहतो. झाडावर त्याचा वेग मिनिटाला सुमारे चार मीटरच्या आसपास असतो. जमिनीवर त्याला उभे राहता येत नाही; नख्या रोवून तो शरीर पुढे ओढतो. पाण्यात मात्र तो चांगला पोहतो आणि पुराच्या काळात एका झाडावरून दुसऱ्यावर पोहत जातो. हार्पी गरुड, जॅग्वार व ऑसेलॉट हे त्याचे प्रमुख शत्रू आहेत. यांपैकी कोणापासूनही पळून जाणे त्याला शक्य नसते. स्तब्ध राहून नजरेस न पडणे हाच त्याचा बचाव होय.

मादी एका वेळी एकाच पिलाला जन्म देते. दोन बोटांच्या स्लॉथचा गर्भकाल सुमारे अकरा महिन्यांचा असतो. पिलू कित्येक महिने आईच्या पोटाला बिलगून राहते आणि कोणत्या झाडाची पाने खावीत हे तिच्याकडून शिकते. म्हणून आईपासून लवकर तुटलेल्या पिलाला पुन्हा वनात सोडणे कठीण असते.

उत्क्रांती

आजचे स्लॉथ हे एकेकाळी फार मोठ्या असलेल्या समूहाचे शेष आहेत. मेगाथेरियम हा जमिनीवर राहणारा स्लॉथ हत्तीएवढा होता. अर्जेंटिनात सापडलेल्या त्याच्या सांगाड्याचे वर्णन झॉर्झ क्यूव्हिए यांनी १७९६ मध्ये केले. चार्ल्स डार्विन यांनीही १८३२ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर महाकाय स्लॉथचे जीवाश्म गोळा केले होते. पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रातील वनस्पती खाणारे स्लॉथही होऊन गेले. महाद्वीपांवरील महाकाय स्लॉथ सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत नष्ट झाले. हवामानबदल आणि मानवाकडून होणारी शिकार ही त्यामागील कारणे मानली जातात.

२०१९ मधील रेणवीय अभ्यासांनुसार आजच्या दोन प्रजाती स्लॉथच्या दोन वेगवेगळ्या शाखांतून आलेल्या आहेत. झाडाला उलटे लटकण्याची पद्धत त्यांच्यात स्वतंत्रपणे विकसित झाली असावी.

संशोधन

अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गअभ्यासक बुफाँ यांनी स्लॉथला सदोष रचनेचा, दुर्दैवी प्राणी ठरवले होते. ही समजूत बहुतांशी पकडून आणलेल्या किंवा जमिनीवर ठेवलेल्या प्राण्यांवरून झालेली होती. विसाव्या शतकात विल्यम बीबी यांनी ब्रिटिश गयानात त्याचा अभ्यास केला. १९७० च्या दशकात पनामातील बारो कोलोराडो बेटावर जीन माँटगोमेरी व मेल सनक्विस्ट यांनी रेडिओ प्रक्षेपक बसवून स्लॉथचा मागोवा घेतला.

वनात जाऊन केलेल्या निरीक्षणाने किती फरक पडतो, याचे उदाहरण म्हणजे झोपेचा अभ्यास. बंदिवासातील नोंदींवरून स्लॉथ दिवसाला सुमारे सोळा तास झोपतो असे मानले जाई. २००८ मध्ये पनामातील मुक्त स्लॉथच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवल्या असता ही झोप सुमारे ९.६ तास आढळली.

संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत खुजा स्लॉथ ‘अतिसंकटग्रस्त’ आणि आयाळधारी स्लॉथ ‘असुरक्षित’ वर्गात आहे. उरलेल्या चार जातींना तूर्त कमी धोका आहे. खुज्या स्लॉथचे बेट जेमतेम ४ चौ. किमी. आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत तेथे ७९ स्लॉथ दिसले, त्यांपैकी बहुतेक खारफुटीत होते. बेटाच्या आतील वनातही ते राहत असल्याने एकूण संख्या याहून अधिक असली, तरी खारफुटीची तोड हा त्यांच्यापुढील मोठा धोका आहे.

ज्या जाती आज सुरक्षित समजल्या जातात, त्यांच्याही अधिवासाचे तुकडे होत आहेत. दोन झाडांमधला दुवा तुटला की स्लॉथला जमिनीवरून जावे लागते. तेथे तो कुत्र्यांच्या तावडीत सापडतो किंवा वाहनाखाली येतो. फांदी समजून विजेच्या उघड्या तारा पकडल्याने होणारे मृत्यूही पुष्कळ आहेत. पर्यटकांना छायाचित्रांसाठी हाती देण्याकरिता काही ठिकाणी स्लॉथ वनातून पकडले जातात. शिवाय, तापमान वाढल्यास डोंगराळ भागातील स्लॉथचा ऊर्जाव्यय त्यांच्या पचनाच्या क्षमतेबाहेर जाऊ शकतो, असा इशारा २०२४ मधील एका अभ्यासाने दिला आहे. अधिक भूक लागली तरी अधिक वेगाने पचवणे त्यांना शक्य नसते.

यावरचे उपाय तुलनेने साधे आहेत. कोस्टा रिकामध्ये रस्ते व मोकळ्या जागा ओलांडण्यासाठी झाडांदरम्यान दोरांचे पूल बांधले जातात, विजेच्या तारांवर आवरण घातले जाते आणि तुटलेल्या वनपट्ट्यांना जोडणारी झाडे लावली जातात. जखमी स्लॉथवर उपचार करणारी केंद्रेही तेथे आहेत. कोस्टा रिकाने २०२१ मध्ये स्लॉथला राष्ट्रीय प्रतीकाचा दर्जा दिला. दरवर्षी २० ऑक्टोबर हा दिवस आंतरराष्ट्रीय स्लॉथ दिन म्हणून पाळला जातो.