मत्स्यालयातील कार्बन डाय-ऑक्साइड जोडणी : बिघाड व तपासणी (बुलढाणा जिल्हा)

पाणवनस्पतींच्या काचेच्या टाकीत कार्बन डाय-ऑक्साइड सोडणारी जोडणी. सिलिंडर, रेग्युलेटर, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह, नळी आणि वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्यूझर हे तिचे भाग. टाकीत वायूचे प्रमाण लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम ठेवतात. बुलढाणा जिल्ह्यात मात्र तपासणीची सुरुवात सिलिंडरपासून न करता पाण्यापासून करावी. पाणी न ओळखता सुटे भाग बदलण्यात पैसा जातो, आणि पुष्कळदा मासेही जातात.

जिल्ह्यातील बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. कुलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर त्याचीच खूण. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोद या भागात, त्यात मिठाची भर पडते. हाच प्रकार निसर्गात टोकाला गेलेला लोणार सरोवरात दिसतो. तेथील पाण्याचा पीएच १० च्या आसपास असल्याने विरघळलेला मोकळा कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ उरतच नाही. कार्बन असतो तो कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या रूपात, आणि स्पिरुलिनासारखी नीलहरित शैवले त्यावरच जगतात. टाकीतल्या बहुतेक शोभेच्या वनस्पतींना मोकळा वायू मिळाला तरच जोमाने वाढता येते.

पाण्यातील वायूचा अंदाज पीएच आणि कार्बोनेट काठिण्य (केएच, जर्मन अंशांत) यांवरून काढतात. केएच ४ असलेल्या पाण्यात पीएच ६.६ ला वायू सुमारे ३० मिलिग्रॅम भरतो. केएच १५ असेल तर तेवढाच वायू पीएच ७.२ लाच होतो. अशा पाण्यात पुस्तकातला ६.६ हा आकडा गाठेपर्यंत वायू सोडत राहिल्यास प्रमाण ११० च्या पुढे जाते आणि मासे दगावतात. म्हणून पीएच कंट्रोलर बसवण्याआधी केएच मोजणे अनिवार्य. टीडीएस मीटरने हे काम होत नाही. त्यात मीठही मोजले जाते आणि बायकार्बोनेट किती ते कळत नाही.

वायूचे प्रमाण रंगावरून दाखवणाऱ्या ड्रॉप चेकरचीही गत तीच. त्यात ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले ४ अंश केएचचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हवे. टाकीचेच पाणी भरले तर वायू पुरेसा असूनही रंग निळसर राहतो आणि मालक वायू वाढवत जातो. योग्य द्रावणात निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात. तोवर नीडल व्हॉल्व्हला हात लावू नये.

सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो : २५ अंश सेल्सियसला सुमारे ६४ बार, ३० अंशांना ७२. त्यामुळे गेजवरून शिल्लक कळत नाही, सिलिंडर वजन करूनच पाहावा. ३१ अंशांवर द्रव व वायू हा भेदच संपतो आणि पुढे दाब भरलेल्या वजनाप्रमाणे झपाट्याने चढतो. घाटाखालच्या उन्हाळ्यात सिलिंडर पत्र्याच्या खोलीत ठेवणे धोक्याचे. तो सावलीत, हवेशीर जागी उभा बांधावा, आणि काठोकाठ भरून घेऊ नये. सिलिंडर संपत आला की एकटप्पी रेग्युलेटरचा बाहेरचा दाब वाढतो व उरलेला वायू एकदम टाकीत जाऊ शकतो. दोनटप्पी रेग्युलेटर महाग असला तरी त्यावरचा खर्च सार्थ आहे.

गळती शोधण्यासाठी सिलिंडरची चावी व नीडल व्हॉल्व्ह बंद करून गेज पाहावे; काटा उतरला तर सांध्यांना साबणाचा फेस लावावा. सिलिंडरच्या तोंडाशी फेस फुगला तर वॉशर बदलावा. काउंटरमध्ये बुडबुडे आहेत आणि डिफ्यूझरमधून येत नाहीत, तर दोष मधल्या नळीत किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये. सिलिकॉनच्या नळीतून वायू झिरपतो, पॉलियुरेथेनची टिकते. चेक व्हॉल्व्ह निकामी झाल्यास पाणी उलटे चढून रेग्युलेटर गंजवते. डिफ्यूझरवर चुना बसला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवावा; शेवाळ असेल तर पातळ ब्लीचमध्ये, आणि नंतर स्वच्छ धुवावा. ही दोन द्रावणे कधीही एकत्र करू नयेत, विषारी क्लोरीन सुटतो.

वीज गेली की सोलेनॉइड बंद होतो, हे बरेच. मात्र साखर-यीस्टच्या बाटलीतून वायू चालूच राहतो, म्हणून भारनियमनाच्या गावी ती पद्धत टाळावी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले तर वायू तत्काळ बंद करून एअर पंप लावावा, वीज नसेल तर मगाने पाणी उंचावरून ओतत राहावे.

पाणी फारच क्षारयुक्त असेल तर त्यात आरओचे पाणी मिसळतात. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या भारतीय तळ्यांतल्या वनस्पती बायकार्बोनेटही वापरू शकतात. त्या लावल्या तर जोडणीची गरजच बहुधा पडत नाही.