वजन घटवण्याचं ऑपरेशन : फायदा कुणाला, खर्च कुणाचा?

बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंदकडची माणसं मोठ्या ऑपरेशनला हैदराबाद नाहीतर सोलापूर गाठतात. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया त्यातलीच. नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये ती करून घेतली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती.

आधी एक घोळ मिटवावा. नळीने चरबी ओढून काढणं वेगळं. त्याने शुगर जात नाही. मे 2022 मध्ये बेंगळुरूत कन्नड अभिनेत्री चेतना राज हिचा मृत्यू झाला, तो चरबी काढण्याच्या प्रक्रियेनंतर. बॅरिअॅट्रिकमध्ये जठर लहान करतात. 'स्लीव्ह'मध्ये त्याचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात, तो परत येत नाही. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात.

फायदा नुसता वजनाचा नाही. शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं, गुडघेदुखी यांत उतार पडतो. मात्र मधुमेह जुना आणि इन्सुलिन सुरू असेल तर गुण कमी येतो.

तोटेही आहेत : टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ. पुढे पित्ताचे खडे, केसगळती. स्लीव्हनंतर छातीत जळजळ. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. बायकांनी वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. वेळ अमावस्येला शेतात भज्जी-अंबिलीची पंगत बसली की चार घासांत हात थांबतो, आणि नातेवाईक आग्रह सोडत नाहीत!

खरी मेख विम्यात आहे. उंची 5 फूट 3 इंच धरा. भारतीय सर्जनांच्या प्रचलित निकषाने (बीएमआय 37.5) साधारण 96 किलोला ऑपरेशन योग्य ठरतं, मधुमेहासारखा आजार असेल तर (32.5) 83 किलोला. विमा नियामकाच्या नियमात मात्र बीएमआय 40, म्हणजे 102 किलो. गंभीर आजार असल्यास 35, म्हणजे जवळपास 90 किलो. 85 किलोच्या मधुमेही माणसाला डॉक्टर 'करा' म्हणतील आणि कंपनी दावा नाकारू शकेल. शिवाय पॉलिसीतला प्रतीक्षा काळ वेगळाच. म्हणून अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी कंपनीची मंजुरी लेखी घ्यावी.

ऑपरेशन परराज्यात झालं तरी त्रास गावातच होतो. पहिल्या महिन्यात ताप, पोटदुखी, नाडी जोरात असं काही दिसलं तर अॅसिडिटी समजून थांबू नये. जवळच्या डॉक्टरला डिस्चार्ज कार्ड दाखवावं आणि सर्जनला लगेच फोन लावावा. कार्डाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ असू द्यावी.