रविवर्मा : छंद आणि चरितार्थ

छंद जोपर्यंत छंद असतो, तोपर्यंत त्याचा हिशेब कोणी विचारीत नाही. पोटासाठी एक काम करावे आणि उरलेल्या वेळात मनासाठी दुसरे करावे, ही वाटणी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु त्या दुसऱ्या कामात हात बसला, चार जाणत्यांनी वाखाणणी केली, कोणी त्याचे मोल देऊ केले, म्हणजे मनात चलबिचल सुरू होते. यावरच चरितार्थ चालवावा काय? आणि चालविला, तर ज्या आनंदासाठी हे आरंभिले तो टिकेल काय? चित्रकार रविवर्मा यांच्या आयुष्यात हा प्रश्न एकदा नव्हे, तीनदा उभा राहिला. आणि दर वेळी त्याचे स्वरूप निराळे होते.

रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. हे घराणे जहागीरदारांचे. त्रावणकोरच्या राजघराण्याशी त्याची पिढीजात सोयरीक. घरात संस्कृत काव्य, संगीत आणि कथकळी यांचे वातावरण होते. मामा राजराजवर्मा स्वतः चित्रे काढीत आणि भाच्याचे पहिले गुरूही तेच. अशा घरातील पुरुषाने चित्रे काढावीत, यात वावगे असे काही नव्हते. ती द्रव्य घेऊन दुसऱ्यासाठी काढावीत, असा मात्र प्रघात नव्हता. चित्रे विकणे हे पेशेवाल्या कारागिराचे काम, अशीच त्या काळची समजूत होती. तेव्हा रविवर्मांपुढील प्रश्न पोटापेक्षा प्रतिष्ठेचा अधिक होता.

1862 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते मामांबरोबर तिरुवनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी आले. जलरंगांचे शिक्षण मिळाले, तैलरंगांचे मिळेना. ते तंत्र त्या वेळी नवे होते आणि ज्यांना अवगत होते ते ते जपून ठेवीत. 1868 साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्याने शिकविण्याचे नाकारले, मात्र तो रंगवीत असताना पाहत बसण्याची मुभा दिली. पाहून घ्यायचे आणि घरी करून पाहायचे, अशी ही विद्या साध्य झाली. इतक्या कष्टाने मिळविलेल्या वस्तूला निव्वळ करमणूक म्हणणे तेव्हाच कठीण झाले असावे.

पहिल्या निर्णयाचे वर्ष 1870. त्या वर्षी रविवर्मा मूकाम्बिकेच्या यात्रेस गेले. वाग्देवता म्हणून दक्षिणेत प्रसिद्ध असलेल्या या देवीपुढे त्यांनी व्रताचरण केले. परतताना कालिकत येथे न्यायखात्यातील अधिकारी किळक्के पालाट कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचे चित्र त्यांनी काढले. हेच त्यांचे मोबदला घेऊन केलेले पहिले चित्र मानले जाते. घराण्याच्या रीतीबाहेर टाकलेले हे पाऊल देवीच्या दर्शनानंतर पडले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे तीन वर्षांतच, 1873 साली, मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले व व्हिएन्ना येथील प्रदर्शनातही त्यांचे चित्र गौरविले गेले. पैसा घेतल्याने कला हलकी होते, या समजुतीला हे परस्पर उत्तर मिळाले.

दुसरा प्रसंग 1880 साली आला. आयिल्यम तिरुनाळ निवर्तले आणि नव्या महाराजांशी रविवर्मांचे जुळले नाही. एका आश्रयदात्याच्या मर्जीवर उभी असलेली कला मर्जी फिरताच निराधार होते, हा अनुभव आपल्या देशातील शेकडो गवयांनी व चित्रकारांनी घेतला आहे. अशा वेळी दुसरा धनी शोधणे, ही रूढ वाट. रविवर्मांनी एकाच्या जागी अनेक शोधले. 1881 साली सर टी. माधवराव यांच्या बोलावण्यावरून ते बडोद्यास गेले. तेथून म्हैसूर, मुंबई, उदयपूर अशी त्यांच्या कामाची क्षेत्रे विस्तारत गेली. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा, जे स्वतः निपुण निसर्गचित्रकार होते, ते सतत सोबतीस असत. पत्रव्यवहार आणि व्यवहारातील बारीकसारीक बाबी तेच पाहत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांचे काम सांगितले, तेव्हा त्याचा मोबदला पन्नास हजार रुपये ठरला. ही चित्रे सुरू करण्यापूर्वी दोघा बंधूंनी वेशभूषा आणि चेहरेपट्टी अभ्यासण्यासाठी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. मोबदला भरघोस होता म्हणूनच इतका अवकाश घेता आला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तिसरा निर्णय सर्वांत धाडसाचा. 1884 सालीच माधवरावांनी त्यांना पत्राने सुचविले होते, की मागणी इतकी मोठी आहे की दोन हातांनी ती पुरी होणे नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. दहा वर्षांनी रविवर्मांनी याच कल्पनेस पुढे नेले आणि मुंबईत स्वतःचाच छापखाना उभारला. जर्मनीहून यंत्रे आणली, कारागीरही आणले. ‘शकुंतलाजन्म’ हे त्या छापखान्याचे आरंभीचे चित्र. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, ज्यांनी राजवाड्याची पायरी कधी पाहिली नव्हती, त्यांच्या भिंतींवर आता लक्ष्मी आणि सरस्वती विराजमान झाल्या. त्यांतील कित्येकींच्या अंगावर महाराष्ट्राच्या चालीचे नऊवारी लुगडे होते!

व्यवहार मात्र बसला नाही. 1896 साली मुंबईत प्लेग सुरू झाला. 1899 साली छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवावा लागला. कर्ज वाढत गेले. अखेर नव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास, चित्रे छापण्याच्या हक्कांसह, विकण्यात आला. छापखाना पुढे अनेक वर्षे चालला आणि रविवर्मांचे नाव घरोघरी नेत राहिला. त्या यशाचा पैसा मात्र त्यांच्याकडे आला नाही. चित्रे काढण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. 1905 साली बंधूंचे निधन झाले आणि 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूर येथे स्वतः रविवर्माही वारले.

त्यांच्या कलेविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांनी तिच्यात भारतीयत्वाचा अभाव पाहिला. तो वाद बाजूला ठेवून केवळ चरितार्थाच्या दृष्टीने पाहिले, तर या तीन निर्णयांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिल्या निर्णयाने त्यांची प्रतिष्ठा गेली नाही, वाढली. दुसऱ्याने त्यांना स्वातंत्र्य दिले. कारण दाते अनेक असले म्हणजे कोणा एकाचा रुसवा भारी पडत नाही. तिसऱ्यात ते अडले, ते मोबदल्याच्या लोभामुळे नव्हे. चित्र रंगविणे ही एक विद्या आणि कारखाना चालविणे ही दुसरी. पहिलीतील प्रावीण्य दुसरीत उपयोगी पडेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. किळिमानूरच्या जहागिरीचा आधार आणि भावाची अखंड साथ पाठीशी होती, म्हणून ही उडी घेता आली. ज्याच्या पाठीशी असे काही नाही, त्याने आपली नोकरी सांभाळून सायंकाळी कुंचला हाती धरला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. छंदाचा चरितार्थ करावा की नाही, याचे उत्तर एकट्या छंदात सापडत नाही. घर, सोबत आणि मागणी यांचा हिशेबही मांडावा लागतो. तो मांडल्यावरही रविवर्मांनी जसे अखेरपर्यंत केले, तसे छापखाना हातचा गेल्यावरही चित्रफलकापुढे बसावेसे वाटत असेल, तर मूळ छंद शाबूत आहे असे खुशाल समजावे.