मावळातला ‘बाण’ : एका शब्दाची शहानिशा

शाळेत मॉडेल रॉकेटची कार्यशाळा असली की सुरुवातीला दहा मिनिटं इतिहास असतो. चीन, मग टिपू सुलतान, मग काँग्रिव्ह, मग गोडार्ड, आणि शेवटी थुंबा, २१ नोव्हेंबर १९६३. हा क्रम तुम्हालाही पाठ असेल. कार्यशाळा कार्ल्याच्या किंवा वडगावच्या मैदानावर असली तरी यादी तीच. मुलं जिथे उभी आहेत त्या मावळाचं त्यात नावही नसतं.

ते यायला हवं का? आज तुमच्याशी याच प्रश्नावर बोलायचं आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी हा छान सराव आहे, कारण सगळं एका शब्दापाशी अडतं.

आधी प्रसंग. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट मारला गेला. हाच तो ‘इष्टुर फाकडा’. मावळात आजही तो नावानिशी माहीत आहे. इंग्रज तळेगावपर्यंत पोचले, तर गाव जाळून रिकामं केलेलं. रात्री परत फिरताना त्यांनी जड तोफा तळ्यात टाकल्या, वडगावला कोंडीत सापडले आणि तिथेच त्यांना तह करावा लागला. महादजी शिंद्यांचं नाव या लढाईशी जोडलं जातं ते योग्यच आहे.

त्या काळच्या मराठी फौजांबरोबर तोफा असत, बंदुका असत आणि ‘बाण’ही असत. खरी अडचण इथून सुरू होते. समजा, तुम्ही अठराव्या शतकातला एखादा सरंजामाचा हिशेब वाचताय आणि एका ओळीत तोफा, गोळे, दारू, बाण असं आलं. इंग्रजीत प्रबंध लिहिताना तुम्ही ‘बाण’ला काय लिहाल? ‘अ‍ॅरो’ लिहिलंत की पुढचं वाक्य आपोआप तयार होतं : १७७९ मध्येही मराठे धनुष्यबाणांनी लढत होते. त्यावरून मागासलेपणाचा एक अख्खा परिच्छेद उभा राहतो. आणि तळाशी असतो फक्त भाषांतरातला एक शब्द!

हा बाण म्हणजे दारू भरलेली नळी आणि तिला बांधलेली लांब काठी. म्हणजे रॉकेटच. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ‘बाण’चे दोन्ही अर्थ मिळतात. फार लांब कशाला, दिवाळीत आपल्याकडे ‘बाण सोडतात’, तो काही धनुष्यातून नाही. ‘अग्निबाण’ हा आजचा शब्दही त्याच घरातला.

पण कोशात अर्थ आहे म्हणून तो प्रत्येक ठिकाणी लावता येत नाही. निवड कशी करायची? मी तीन गोष्टी बघते. एक, शेजारी काय आहे. दारूगोळा, जेजाला, सुतरनाळा अशा संगतीत बाण आला तर तो बहुधा पेटणारा. भाता आणि कमान असतील तर नाही. दुसरी, माणसाला काय म्हटलंय. धनुष्य चालवणारा ‘तिरंदाज’, रॉकेट सोडणारा ‘बाणदार’. तिसरी मला सगळ्यांत उपयोगी वाटते : त्या काळच्या फारसी साधनांत धनुष्याच्या बाणाला ‘तीर’ म्हणतात आणि रॉकेटला ‘बान’. त्यामुळे एकाच लढाईचा मराठी आणि फारसी वृत्तांत शेजारी ठेवता आला तर पुष्कळ गोंधळ मिटतो. काशीराजाने पानिपताबद्दल फारसीत लिहिलं, त्यात बाणांचा भडिमार आहे, आणि त्या बाणांना कोणी तीर समजत नाही. म्हणूनच म्हणते, मोडी शिकताय तर थोडी फारसीही शिकून घ्या. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

आता दुसरं टोक. ‘टिपूच्याही आधी मावळात रॉकेट’ असा मथळा कुणीतरी करणारच. करू नका. चीनमध्ये तेराव्या शतकापासून रॉकेटं आहेत, मोगलांकडे होती, हैदरअलीकडे होती. म्हैसूरचं वेगळेपण होतं लोखंडी नळीत. लोखंड जास्त दाब सहन करतं म्हणून बाण जास्त लांब जातो. तिथे पुरावाही हातात धरता येतो : म्हैसूरच्या बाणांचे दोन नमुने इंग्लंडमध्ये वूलिचच्या संग्रहात पोचले, आणि कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे २०१८ मध्ये एका जुन्या विहिरीतून हजाराहून जास्त गंजलेले बाण निघाले. मावळच्या बाजूने बोलायचं तर मुख्यतः कागदावर बोलावं लागतं. त्यामुळे दावाही कागदाला पेलेल एवढाच हवा.

मग प्रत्यक्ष प्रयोगाचा इथे काही उपयोग? आहे. कागदात काठी दिसते, पण काठी कशासाठी ते कागद सांगत नाही.

प्लॅस्टिकच्या बाटलीचं पाण्यावर उडणारं रॉकेट घ्या, पंख लावू नका. पाणी न भरता, तोल साधतो त्या बिंदूवर दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरागरा फिरवा. बाटली कशीही भेलकांडते. आता तिला बांबूची बारीक, लांब कामटी बांधा, तोलबिंदू नव्याने शोधा, पुन्हा फिरवा. कामटी पुरेशी लांब असेल तर तोंड पुढे राहतं. हवेचा दाब शेपटीकडे जास्त पडतो आणि ती मागेच राहते. कामटी जाड घेतलीत तर वजनामुळे तोलबिंदूच मागे सरकतो आणि फायदा कमी होतो. हलकं पण लांब काय, तर बांबू. (पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, एक किलोहूनही हलका ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीतून गेला. तोंड कुठे राहील हा प्रश्न त्यालाही होता. वर हवा नाही म्हणून त्यांनी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आधार घेतला.)

मग मैदानात उडवून बघा, शक्यतो लोणावळ्याच्या भन्नाट वाऱ्यात. शेपटीवाला बाण आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडेच तोंड वळवतो. बाण उलटून आपल्याच माणसांत आला, अशा तक्रारी जुन्या वर्णनांत भेटतात. त्या वाचताना हे डोळ्यांपुढे राहू द्या. लेखक घाबरट होता असं लगेच ठरवण्याआधी वारा कुठून होता ते विचारा.

या प्रयोगातून मारा किती लांबचा होता ते मात्र काढू नका. पाण्याचं रॉकेट क्षणभरात रिकामं होतं, दारू त्याहून जास्त वेळ जळते. जळण्याचा काळ वेगळा, नळी वेगळी, वजन वेगळं. आणि ‘अस्सल’ प्रयोग म्हणून घरी दारू कुटायला तर अजिबात बसू नका. परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं गुन्हा आहे, आणि बोटं दहाच असतात.

प्रबंधात हे कसं लिहायचं? मूळ शब्द ‘बाण’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ आणि तो कशावरून ठरवला ते सांगा. जिथे संदर्भावरून ठरत नाही तिथे ‘ठरत नाही’ असंच लिहा. मार्गदर्शक विचारतील, एका शब्दाला अर्धं पान कशाला? त्यांना कामटी बांधलेली बाटली दाखवा.