मेणवली (नाना फडणवीसांचा वाडा)

सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील कृष्णाकाठचे लहान गाव. वाईपासून सुमारे ३ किमी. पेशवाईतील कारभारी नाना फडणवीस (बाळाजी जनार्दन भानू, १७४२–१८००) यांचा वाडा, वाड्यामागचा दगडी घाट आणि येथील दप्तर यांमुळे गाव इतिहासात महत्त्वाचे ठरले. १७६८ मध्ये हे गाव नानांना इनाम मिळाले. वाडा, घाट व देवळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत.

घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे अशी दोन देवळे आहेत. मेणेश्वराजवळ टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत (१७३९) पोर्तुगीजांकडून मिळालेली असून तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती व १७०७ हे साल आहे.

वाडा सहा चौकी आहे. जाड भिंती, सागवानी खांब-तुळया आणि कौलारू छप्पर ही त्याची बांधणी. आतील भिंतींवर देवादिकांची व पुराणप्रसंगांची रंगीत चित्रे आहेत. पुण्यातील शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. पेशवाईतील लाकूडकाम जागच्या जागी, राहत्या घराच्या रूपात पाहायचे तर मेणवलीसारखी ठिकाणे फार थोडी उरली आहेत. नानांच्या मागे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांचे वास्तव्य येथे होते. वाडा आजही वंशजांकडे आहे आणि तो टिकला याचे मोठे श्रेय या घराण्याला दिले पाहिजे. वाईकडच्या पावसात कौले वेळेवर शाकारली नाहीत, तर पाणी आधी वाशांत उतरते, मग भिंतीत, आणि गिलावा सुटला की त्याच्यासोबत चित्रही जाते. इथे झालेले नुकसान पुन्हा रंगवून भरून निघत नाही.

वाड्याइतकेच मोलाचे नानांचे मेणवली दप्तर. राज्यकारभाराची व खाजगी व्यवहाराची, मोडी लिपीतली ही कागदपत्रे होती. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (मृत्यू १९२६) यांनी ती मिळवली आणि १९०८ पासून निघालेल्या आपल्या ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून जुन्या कागदांना प्रसिद्धी दिली. त्यांच्या साताऱ्यातील संग्रहालयाचा ठेवा १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. दप्तर गावाबाहेर गेले याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. पण रुमालांत बांधलेले कागद वाळवी आणि ओल यांपासून वाचले, अभ्यासकांच्या हाती आले, ते या स्थलांतरामुळेच. मात्र वाड्याला असे हलवता येत नाही. त्याची नोंद जागेवरच, चौकाचौकाने करावी लागते: मोजून काढलेले नकाशे, प्रत्येक चित्राचे छायाचित्र, कोणता खांब मूळचा व कोणता नंतर बदललेला याची टिपणे, आणि घरातल्या व गावातल्या वृद्धांच्या आठवणी. हे काम दुरुस्तीच्या आधी व्हायला हवे. नंतर जुने-नवे वेगळे ओळखणे कठीण होते.

‘स्वदेस’ (२००४) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले आणि तेव्हापासून घाटावर पर्यटकांची वर्दळ वाढली. वाडा खाजगी मालकीचा आहे. पाहणाऱ्यांनी परवानगीनेच आत जावे आणि भित्तिचित्रांना हात लावू नये.