गाडी थांबवणारा सिलिंडर: केवढा असावा?

आज थोडं गणित, थोडा इतिहास.

वसमतवरून जाणारी पूर्णा–हिंगोली लाइन निजामाच्या काळातली, मीटरगेजची. 2008 मध्ये ती ब्रॉडगेज झाली. रूळ रुंद झाले ते सगळ्यांना दिसलं. पण त्या पिढीत भारतीय रेल्वेत आणखी एक गोष्ट बदलली, ती डब्याखाली वाकल्याशिवाय दिसत नाही: ब्रेकचा सिलिंडर.

जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचे. इंजिन पाइपातली हवा ओढून घ्यायचं. ड्रायव्हरने हवा आत सोडली की तिच्याच दाबाने पिस्टन सरकायचा आणि ब्रेक लागायचा. पण बाहेरच्या हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम 1 किलो. त्यात पोकळी कधी पूर्ण नसते, म्हणून हाती लागतात साधारण 0.7 किलो.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये दाबलेल्या हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा तो 22 वर्षांचा होता! आपल्याकडे एअर ब्रेक सर्रास यायला 1980 चं दशक उजाडलं. यात सिलिंडरमध्ये 3.8 किलोपर्यंत दाब मिळतो.

आता हिशेब करू. ताकद म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. एअर ब्रेकचा सिलिंडर 355 मिलिमीटर व्यासाचा. क्षेत्रफळ सुमारे 990 चौरस सेंटिमीटर, म्हणजे ताकद जवळपास 3,750 किलो. एवढीच ताकद व्हॅक्यूमवर एकाच सिलिंडरातून काढायची तर व्यास 80 सेंटिमीटरच्या वर जातो. डब्याखाली तेवढी जागा कुठून आणणार?

मग सरळ मोठाच सिलिंडर लावावा का? तर नाही. बॉक्सएन वाघीण भरलेली 81 टन, रिकामी साडेबावीस. भरलेलीला लागणारा जोर रिकामीला लावला तर चाक जाम होतं, रुळावर घसरतं, झिजून चपटं होतं. म्हणून वाघिणीला ‘रिकामी–भरलेली’ असा दांडा असतो. तो फिरवला की ब्रेकचा जोर भाराप्रमाणे बदलतो.

आणि वेग विसरू नका. भार दुप्पट झाला तर जिरवायची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट.

कारखान्यातल्या सरकत्या भारासाठी सिलिंडर निवडतानाही हेच तीन प्रश्न आधी विचारायचे: भार किती बदलतो, वेग किती, आणि हवेचा दाब खरंच किती मिळतो? व्यास त्यानंतर ठरतो.

भेटू पुढच्या भागात!