बुद्ध्यंकाची जन्मकथा

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात विद्यार्थ्याच्या बुद्ध्यंकाचा रकाना घालावा, अशी सूचना काही ज्ञातिबांधवांनी केली आहे. तिचा निर्णय कार्यकारिणी करील. परंतु हा आकडा जगात कोणी व कशासाठी आणला, हे त्यापूर्वी ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि नाना परिस्थितींतील मुले एकाच वर्गात येऊन बसू लागली. त्यांतील काही मागे पडत. त्यांच्यासाठी वेगळ्या शिक्षणाची सोय करावी, पण ती निवडावी कशी, याचा विचार करण्याकरिता सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. तीत आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. निवडीचे काम केवळ शिक्षकांच्या मतावर सोपवू नये, असे त्यांचे म्हणणे. आणि आम्ही स्वतः शिक्षक असूनही ते आम्हांस मान्य आहे. व्रात्य मुलास मंद ठरवून त्याच्यापासून सुटका करून घेण्याचा मोह कोणासही होतो!

बिने यांनी पूर्वी मुलांची डोकी मोजून पाहिली होती. त्यांतून विशेष काही निष्पन्न झाले नाही. मग डॉ. थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली त्यांनी तीस कसोट्यांची मालिका रचली. पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते की नाही, येथून आरंभ. पुढे तीन अंक ऐकून पुन्हा म्हणणे, दोन वजनांतील जड कोणते ते ओळखणे, दिलेल्या तीन शब्दांचे वाक्य करणे, अशा त्या चढत जात. १९०८ मध्ये त्यांनी कसोट्या वयानुसार लावल्या आणि 'मानसिक वय' ही कल्पना रूढ झाली. विल्यम स्टर्न या जर्मन पंडिताने १९१२ साली मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागले. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये त्या भागाकारास शंभराने गुणले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, की बुद्ध्यंक ७५!

हा आकडा पाहण्यास बिने हयात नव्हते. ते १९११ सालीच निवर्तले. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण व इच्छाशक्ती यांचे व्यायाम सुचविले होते. तीच मापे पुढे अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या परदेशीयांस लावून, भाषाही न जाणणारी माणसे मंदबुद्धी ठरविण्यात आली, हा इतिहास खेदजनक होय.

आपल्या प्रांती डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविल्या. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परकी कसोटी नुसती भाषांतरित करून चालत नाही, इकडील मुलांवरच ती पारखून घ्यावी लागते, हे त्यांनी जाणले. तेव्हा रकाना घालावयाचाच असेल, तर कोणती कसोटी, कोणत्या भाषेत, कोणत्या साली आणि कोणत्या मुलांवर पारखलेली, हेही अर्जात विचारावे लागेल.